वाचकांचे प्रश्न : मोठी जागा, लहान घर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. शहरात आयुष्य काढलेल्या माणसांची शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर जमीन आहे किंवा त्यांना ती घ्यायची आहे, आणि त्या ऐसपैस जागेत त्यांना छोटे घर हवे आहे. मी स्वतः बदलापूरच्या पलीकडे अशाच एका घरात गेली अनेक वर्षे राहत असल्यामुळे ही पत्रे बाजूला ठेवणे मला जमले नाही. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण बाकीच्यांनाही उपयोगी पडेल असे बरेच काही त्यात आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघे निवृत्त असून नौपाड्यात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो. मुरबाड तालुक्यात वडिलोपार्जित जमिनीपैकी 32 गुंठे वाटपात माझ्या वाट्याला आले असून सातबारा आता एकट्या माझ्या नावावर आहे. त्यात साधारण 23 गुंठे भाताची खाचरे आहेत आणि वरच्या अंगाला 9 गुंठे वरकस (उताराची हलकी जमीन) आहे. एक जुनी विहीर आहे, पण मार्चअखेर ती तळ गाठते. आठवड्यातले चार दिवस तेथे राहावे, म्हणून 480 चौरस फुटांचे कौलारू घर बांधण्याचे आमच्या मनात आहे. मुलाचे म्हणणे असे, की एवढी जागा असताना खुराडे कशाला, निदान दीड हजार फुटांचा बंगला तरी बांधा. माझे बंधू म्हणतात, की घराचे नंतर पाहा, आधी सगळ्या जमिनीला पक्की भिंत घाला. आमचा विचार चुकतो आहे का? घर नेमके कोठे घ्यावे आणि पाण्याचे काय करावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला विचार चुकत नाही. घराचा आकार ठरवताना जमीन किती आहे याकडे पाहण्याचे कारण नाही, त्या घराची निगा कोण आणि किती दिवस राखणार याकडे पाहावे. मुरबाडच्या बाजूला वर्षाला सुमारे 2,500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या काळात बंद राहिलेल्या प्रत्येक खोलीच्या भिंतीवर बुरशी धरते, गाद्यांना कुबट वास लागतो, दारे फुगतात आणि लाकडाला वाळवी लागते. दोन माणसांच्या वावराने 480 फुटांचे घर जागते राहते. दीड हजार फुटांच्या घरातल्या निम्म्या खोल्या गणपतीत एकदा आणि दिवाळीत एकदा उघडल्या जातील, आणि त्या उघडण्याआधी दोन दिवस साफसफाईत जातील. मुलाला हे जरूर सांगा, पण त्याच्या म्हणण्यातला खरा भागही धरून ठेवा. पुढे नातवंडे येतील, पाहुणे येतील, तेव्हा एक खोली वाढवावी लागेल. ती कोणत्या बाजूला वाढेल हे आजच ठरवून त्या बाजूच्या भिंतीत न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या किंवा गटार येणार नाही एवढी काळजी घ्या.

लहान घर ऐसपैस वाटते ते पडवीमुळे. आपल्या भागातल्या जुन्या घरांत माणसे दिवसभर पडवीतच असत. धान्य निवडणे, पाहुण्यांशी बोलणे, दुपारची वामकुक्षी हे सगळे तेथेच होई, आणि आतली खोली केवळ रात्रीपुरती व सामानापुरती असे. 480 फुटांच्या आत एक बसायची-झोपायची खोली, एक लहान खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी-शौचालय नीट बसते. त्याला जोडून आठ फूट रुंदीची पडवी घेतली की उरलेली गरज भागते. मात्र ही बसायची पडवी पूर्वेला किंवा ईशान्येला असावी. आपल्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते. माझ्या घरी मी सूर्यास्त दिसावा म्हणून पडवी पश्चिमेला घेतली, पाखेही जेमतेम दीड फूट पुढे काढले, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी पडवी ओलांडून थेट उंबऱ्याच्या आत आले. पुढची दोन वर्षे जून ते सप्टेंबर तिला ताडपत्री बांधून बसावे लागले, तो सूर्यास्तही दिसला नाही, आणि अखेर खर्च करून छप्पर वाढवावे लागले. आपण पश्चिमेच्या बाजूला न्हाणी, सरपणाची व अवजारांची जागा असा अरुंद बंद भाग ठेवा आणि छपराचे पाखे चारही बाजूंनी किमान तीन फूट बाहेर काढा. जोते दोन-अडीच फूट उंच असावे, म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे भिंतीला लागत नाहीत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांनाही सहज आत येता येत नाही. कौले हवीत तर अवश्य घ्या, कारण एप्रिल-मे महिन्यांत तेथे पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि नुसत्या पत्र्याखाली दुपार काढणे कठीण असते. मात्र माकडांचा उपद्रव असलेल्या गावात कौले दरवर्षी फुटतात, म्हणून खाली पत्रा आणि वर कौले अशी जोडरचना करणे पुढच्या मनस्तापापेक्षा स्वस्त पडते.

आता जागा. घर वरकसातच घ्या. खाचरात घर घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती जमीन सपाट असते आणि बहुधा रस्त्यालगत असते. पण खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली जमीन आहे. तेथे भराव घालून बांधलेले घर पावसाळाभर ओल ओढत राहते, आणि वरच्या खाचराचे पाणी अडल्यामुळे शेजाऱ्याशी भांडण उभे राहते ते वेगळेच. शिवाय बांधाने बांधलेले भाताचे शेत एकदा मोडले की ते पुन्हा उभे करणे फार कष्टाचे असते. आपल्या पूर्वजांनी गवतासाठी, राबासाठी, नाचणी-वरीसाठी ठेवलेला वरकसाचा तुकडा घरासाठी योग्य आहे, कारण तेथे मुरूम लवकर लागतो, पाया उथळ चालतो आणि पाणी आपोआप उतरून जाते. वरकसातही अगदी माथ्यावर जाऊ नका. तेथे वारा झोडपतो आणि पाणी वर चढवावे लागते. उताराच्या मधल्या टप्प्यावर, वरच्या अंगाला आडवा चर खणून डोंगराचे पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी वळवता येईल अशी जागा निवडा. रस्त्यापासून घर जितके दूर, तितका दरवर्षी वाहून जाणारा मुरूम अधिक आणि विजेचे खांबही अधिक, हेही लक्षात असू द्या.

माझा एक आग्रह आहे. कुदळ मारण्यापूर्वी एक संपूर्ण पावसाळा त्या जमिनीवर अधूनमधून जाऊन या. जुलैमध्ये पाणी कोठून येते, कोठे साठते, कोठून बाहेर पडते, कोणत्या बाजूची माती सुटते हे छत्री घेऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही. जमीन नदीच्या जवळ असेल तर पाटबंधारे खात्याच्या नकाशात पूररेषा पाहा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. त्या दिवशी आमच्या भागात ज्यांनी नदीकाठच्या खाचरांत हौसेने घरे बांधली होती, त्यांच्या घरांत छातीएवढे पाणी होते. वरकसावरची जुनी पाडे-वस्ती कोरडी होती.

पाण्याच्या बाबतीत लगेच बोअर मारण्याच्या मागे लागू नका. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. त्याच्या आत पाणी सर्वत्र पसरलेले नसते, ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत असते. बोअर भेगेला लागली तर पाणी, नाही तर 200 फूट धूळ, असा तो प्रकार आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत 500 मीटरच्या आत असेल तर आधी परवानगीही लागते. त्याऐवजी विहिरीचा गाळ एप्रिलमध्ये, पाणी तळाला असताना, काढून घ्या. जुन्या विहिरींत अनेकदा कित्येक फूट गाळ असतो आणि झरे त्याखाली बुजलेले असतात. दुसरे म्हणजे छपराचे पाणी साठवा. घर, पडवी आणि पुढे काढलेले पाखे धरून आपले छप्पर 800 चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे 74 चौरस मीटरच्या आसपास भरेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक पंचमांश वाया गेले असे धरले तरी वर्षाला जवळजवळ 1,50,000 लिटर पाणी आपल्या पन्हळीतून जाते. दोघांना दिवसाला 200 लिटर, आठवड्याचे चार दिवस, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे चार महिने असा हिशोब केला तर सुमारे 14,000 लिटर पुरतात. पडवीखाली तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाके बांधले की 15,000 लिटरांची सोय होते. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचे पाणी बाहेर सोडून मग वाळू-खडीच्या गाळणीतून ते आत घ्यावे. टाके भरल्यावरचे पाणी विहिरीजवळच्या गाळणखड्ड्यात सोडा. शौचालयाचे शोषखड्डे विहिरीपासून किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असले पाहिजेत. ही गोष्ट गवंड्यावर सोडू नका, स्वतः टेप धरून मोजा.

बंधूंच्या भिंतीविषयी स्पष्टच लिहितो. 32 गुंठे म्हणजे 34,848 चौरस फूट. जमीन अगदी चौरस आहे असे मानले तरी तिची परिमिती सुमारे 750 फूट होते, आणि शेतजमिनी चौरस नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती आणखी जास्त भरेल. आपल्या घराच्या बाहेरच्या भिंती मिळून 90-100 फूट होतील. म्हणजे घराच्या कित्येक पट भिंत आपण रिकाम्या जमिनीभोवती बांधणार, ती खाचरांचे पाणी अडवणार आणि एखाद्या मोठ्या पावसात तिचा एक भाग आडवा होणार. आधी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्या, शेजारच्या खातेदारांना समक्ष उभे करून हद्दीचे दगड रोवा आणि त्यांची छायाचित्रे ठेवा. त्यानंतर पहिल्या पावसात गिरीपुष्पाच्या काठ्या आणि मधून मधून करवंद लावा. तिसऱ्या वर्षी त्यातून शेळीही आत येणार नाही, आणि गिरीपुष्पाचा पाला खताला मिळेल. भिंत हवीच असेल तर ती घराभोवतीच्या दोन-तीन गुंठ्यांपुरती घाला.

खाचरे पडीक टाकू नका. खंडाने देण्याची भीती वाटत असेल, आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणाऱ्या 1948 च्या कुळकायद्याच्या आठवणी आपल्या जिल्ह्यात अजून ताज्या असल्यामुळे ती वाटणे मी समजू शकतो, तर गावातल्या माणसांना रोख मजुरी देऊन आणि भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन भात स्वतः करा आणि ई-पीक पाहणी स्वतःच्या नावाने नोंदवा. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाका. पहिली दोन वर्षे हिशोब तोट्याचा दिसेल, तरी बांध शाबूत राहतील, गावाशी येणे-जाणे राहील आणि घरचा तांदूळ ताटात येईल.

परवानगीचे काम मात्र सगळ्यांत आधी करा. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 41 मध्ये आहे, पण तिला मर्यादा आहेत. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल आणि योजनेत निवासी वापर चालत असेल तर परवानगीचा मार्ग अधिक सोपा पडतो. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा, तो घेऊन तहसील कार्यालयात जा आणि बांधकामाचा नकाशा मंजूर झाल्यावरच पाया खणा. वरकसावर साग, आंबा, जांभूळ, ऐन, मोह अशी झाडे असतील तर ती आपल्या मालकीची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मी तर म्हणेन की जुना आंबा असेल तर घरच त्याच्यापासून सरकवा. त्याच्या सावलीची बरोबरी करायला नव्या रोपाला आपला नातू मोठा होईपर्यंत वेळ लागेल.

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि नोकरी करते. शहापूरजवळ एका मध्यस्थाने मला पाच गुंठ्यांचा 'फार्महाउस प्लॉट' दाखवला आहे. सातबारा सामाईक राहील, पण कुंपण स्वतंत्र असेल, लहान घर बांधायला काहीही अडचण येणार नाही, असे तो सांगतो. माझ्या वडिलांची सातारा जिल्ह्यात शेती होती. ते वारल्यानंतर ती भावांच्या नावावर झाली आहे. व्यवहार करावा का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : या स्वरूपात हा व्यवहार करू नका. कळकळीने सांगतो, बयाणा दिला नसेल तर देऊ नका.

शेतजमीन घेण्यासाठी घेणारी व्यक्ती शेतकरी असावी लागते. कुळकायद्याच्या कलम 63 चा हा निर्बंध आहे आणि मध्यस्थाच्या शब्दाने तो दूर होत नाही. शिवाय तुकडेबंदीच्या 1947 च्या कायद्याखाली ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ही किमान मर्यादा धरली जाते. शेती म्हणूनच नोंद असलेल्या जमिनीतले पाच गुंठे विकायचे, म्हणून ही मंडळी पाच-सहा अनोळखी लोकांची नावे एका सातबाऱ्यावर एकत्र चढवतात. त्यातून आपल्याला मिळतो तो अविभक्त हिस्सा. कुंपणाच्या आत दिसणारी जागा कागदावर तुमची नसते, उद्या त्या सहहिस्सेदारांपैकी एकाने कर्ज काढले किंवा दावा लावला तर तुमच्या घरासह सगळ्या गटावर त्याची सावली पडते, आणि मोजणी मागायला गेलात तर सगळ्यांच्या सह्या लागतात. हौसेने बांधलेले लहानसे घर अशा जागेत उभे असले, की माणूस ते सोडूही शकत नाही आणि सुखाने त्यात झोपूही शकत नाही.

तुमच्या पत्रातली मला अधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट वडिलांच्या शेतीची आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती 1994 मध्येच केली होती आणि 2005 मध्ये ती देशभर झाली. तुम्ही नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले नसेल तर आधी साताऱ्याचे फेरफार काढून पाहा, वारस नोंदीत तुमचे नाव का आले नाही ते शोधा आणि भावांशी बोलून ते लावून घ्या. वाटणी मागण्यासाठी हे करा असे मी म्हणत नाही. तो तुमचा आणि भावांचा विषय आहे. पण नाव लागले की तुमचे शेतकरी असणे कागदावर येते आणि मग 20 गुंठे किंवा त्याहून मोठी जमीन राजरोस तुमच्या नावाने घेता येते.

तोपर्यंत घराचीच ओढ असेल तर बिनशेती झालेला, मंजूर आराखड्यातला भूखंड किंवा गावठाणातले जुने घर पाहा. शेतजमीन पाहायला लागाल तेव्हा केवळ आजचा सातबारा पाहू नका, मागचे सगळे फेरफार वाचा. भोगवटादार वर्ग-2, नवीन शर्त, कुळकायद्याच्या कलम 43 ची अट, आदिवासी खातेदारासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ चा निर्बंध यांपैकी काहीही दिसले तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. ठाणे जिल्ह्यात, आणि शहापूर-मुरबाडच्या बाजूला विशेष करून, कधी काळी कातकरी किंवा ठाकर कुटुंबाच्या नावावर असलेली जमीन मधल्या एखाद्या फेरफाराने दुसऱ्याकडे गेलेली सापडते. ती घेणे कायद्याने धोक्याचे आहे, आणि कायदा नसता तरी ती घेऊ नका असेच मी म्हटले असते. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात आहे का, तेही पाहा. आणि समृद्धी महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग यांसारख्या कामांसाठी या पट्ट्यात भूसंपादन झालेले असल्यामुळे तुमचा गट नंबर कोणत्या संपादनाच्या यादीत आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : पनवेल तालुक्यात आमचे दीड एकरात दोन खोल्यांचे घर आहे. आम्ही केवळ शनिवार-रविवार तेथे असतो. गेल्या मार्चमध्ये वणवा आमच्या बांधापर्यंत आला, दोनदा घराजवळ साप दिसला, आणि आम्ही तारेचे कुंपण घातल्यापासून गावातले लोक नीट बोलत नाहीत, कारण त्यांची नदीवर जाण्याची पायवाट आमच्या जागेतून होती. घराभोवती सगळीकडे सिमेंटची फरशी करावी आणि गवतावर तणनाशक मारावे असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : फरशी आणि तणनाशक दोन्ही नकोत. फरशीमुळे उन्हाळ्यात घर तापेल आणि पावसाळ्यात पाणी मुरायचे थांबेल. तणनाशकाने गवत उभ्याउभ्याच वाळते, आणि वणव्याला हवे असते ते नेमके वाळलेले उभे गवतच.

गवत कापून हलवणे हाच उपाय आहे. आपल्याकडे पाऊस संपला की दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत पिवळे पडू लागते. त्याच वेळी ते कापून घ्या. गावात ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांना सांगा, की कापा आणि घेऊन जा, पैसे नकोत. मुंबईच्या तबेल्यांना एकेकाळी याच पट्ट्यातून गवत जात असे, त्यामुळे त्याची किंमत गावाला ठाऊक आहे. कापणीनंतर हद्दीच्या आतल्या बाजूने दहा-बारा फूट रुंदीची पट्टी जमिनीपर्यंत साफ करा. वनखाते जंगलात जाळरेषा काढते तीच ही पद्धत आहे, मात्र आपण ती जाळून करू नका, खुरप्याने आणि फावड्याने करा. फेब्रुवारी ते मे या काळात पडलेला पालाही त्या पट्टीतून आठवड्याला झाडून काढावा लागतो. घराच्या जवळ पाण्याचे पिंप आणि ओली पोती ठेवा, आणि छपराच्या पन्हळीत साचलेला वाळका पाला काढायला विसरू नका, कारण ठिणगी बहुतेक वेळा तेथेच धरते.

सापांसाठी घराभोवती पंधरा फूट जागा मोकळी आणि आखूड गवताची ठेवा, सरपण व विटांचे ढीग भिंतीपासून दूर हलवा, धान्य आणि गुरांचे खाद्य बंद डब्यात ठेवा, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि उंदरांच्या मागे येणारेही येणार नाहीत. दाराखालची फट रबराच्या पट्टीने बुजवा. शनिवारी संध्याकाळी पोहोचल्यावर आठवडाभर बंद असलेले घर उजेड करून, अंथरूण झटकून मगच वापरा. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री हिंडते, तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही, आणि सकाळी पापण्या जड होऊ लागतात तेव्हा बराच वेळ गेलेला असतो. पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून आवळू नका. हात किंवा पाय स्थिर ठेवून 108 ची रुग्णवाहिका बोलवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. आपल्या घरापासून जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविष कायम ठेवलेले असते, याची चौकशी याच शनिवारी प्रत्यक्ष जाऊन करा आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. साप नुसता दिसला असेल तर मारू नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

पायवाटेविषयी तुम्ही शेवटी आणि थोडक्यात लिहिले आहे, पण मला तुमच्या पत्रातला सर्वांत गंभीर भाग तोच वाटतो. वहिवाटीची वाट अडवली तर गावकरी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाऊ शकतात, आणि वहिवाट जुनी असेल तर ती मोकळी करण्याचा आदेश होतो. त्याची वाट पाहू नका. येत्या रविवारी गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना घरी बोलवा, चहा करा आणि वाट नेमकी कोठून होती ते त्यांच्याबरोबर चालत जाऊन पाहा. ती घराच्या फार जवळून जात असेल तर बांधाच्या कडेने हलवण्याची विनंती करा. बहुतेक वेळा लोक मान्य करतात, कारण त्यांना नदीपर्यंत पोहोचायचे असते. मग त्या ठिकाणी तार कापून माणूस सहज जाईल पण गुरे आत येणार नाहीत असे आडवळणाचे फाटक बसवा. सोमवार ते शुक्रवार तुमच्या दीड एकरातून रोज येणारी-जाणारी माणसे असतील तर मार्चमधला धूर त्यांना सर्वांत आधी दिसेल, आणि तुम्ही नेरुळहून निघेपर्यंत पोती भिजवून बांधावर उभे राहणारेही तेच असतील.